उजेड झाडाला, सावली बेडकाला

मेहकरचा व्यंकट तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागला, तेव्हा बेडूक धरणं हेच त्याचं मुख्य काम. ओढ्यावरून पोतं भरून आणायचं, सकाळी क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकायचं आणि मेणाच्या ट्रेमध्ये उताणं करून टाचण्या मारायच्या. त्या कामाचा त्याला मनस्वी तिटकारा होता, पण पोटासाठी बारा-तेरा वर्षं केलं. बेडूक कापणं बंद झालं तेव्हा पोरांपेक्षा तोच जास्त खूश झाला.

आणि आता, नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली असताना, त्याच्या डोक्यावर श्रीहर्ष सर येऊन बसले. प्राणिशास्त्राचे नवे प्राध्यापक, वय तिशीचं, वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करायची सवय. दीड महिन्यावर तपासणी समिती येणार होती. तिला दाखवायला सरांनी तीन फुटी काचेची पेटी मागवली. आत झाडं आणि त्या झाडांवर जिवंत बेडूक. हॉस्टेलच्या न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारे चार तपकिरी बेडूक व्यंकटनंच धरून आणले. हातातून गेलेला एकही बेडूक आजवर जगला नव्हता. हे चार तरी जगले पाहिजेत, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

सरांनी मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून लाल-पिवळे क्रोटन आणले, वर लावायला हॅलोजनचा दिवा आणला. व्यंकटनं एक पान नाकाशी धरलं.

"सर, ह्याच्यावर औषध मारलंय. बेडूक कातडीनं पाणी पितो. मरंल."

"तू मला प्राणिशास्त्र शिकवायलास का?"

"न्हाई सर. वास यायलाय म्हणून सांगायलो."

"झाडं लाव. समितीला रंग दिसला पाहिजे."

व्यंकटनं क्रोटन खिडकीत ठेवून दिले. विहिरीच्या कपारीतले नेचे आणि शेवाळ आणलं, घरच्या मनीप्लांटच्या काड्या तोडून आणल्या, सगळं बादलीत आठवडाभर पाणी बदलत धुतलं. हे बेडूक जमिनीवर बसणारे नव्हेत, म्हणून आत उभी फांदी बांधून तिच्यावर रुंद पानांचा वेल चढवला. दिव्याचं मात्र त्याला कोडं पडलं. उजेड नसेल तर नेचा पिवळा पडतो आणि फार असेल तर बेडूक सुकतो. शेवटी त्यानं थंड एलईडीची पट्टी जाळीच्या झाकणावर एकाच टोकाला बसवली. दुसऱ्या टोकाला वेलाची गच्च सावली. सकाळी सातला लावायची, संध्याकाळी सातला बंद करायची. महिन्यात वेलानं नवी पानं काढली आणि बेडूक अंगानं भरले. व्यंकट संध्याकाळची बस सोडून त्यांच्यापुढे बसून राहायचा. त्याला त्यांचा लळाच लागला होता.

सरांचं डोकं मात्र भडकलं. बेडूक दिवसभर पानाआड झोपलेले!

"हे बेडूक आहेत कुठं? समितीला काय पालापाचोळा दाखवू?"

"दिवसा न्हाई दिसत सर. संध्याकाळी दिवा बंद झाला की बाहेर येतेत."

"समिती दुपारी बाराला येणार आहे, मूर्खा!"

तपासणीच्या दिवशी व्यंकटला मुद्दाम खुर्च्या लावायला सभागृहात धाडलं. परत येऊन पाहतो तर अर्धा वेल उपटून केराच्या डब्यात आणि पेटीवर हॅलोजन धडाडतोय. तीन बेडूक उघड्या काचेला चिकटलेले, कातडी सुकलेली. चौथा तर तळाशी पाय पसरून पडला होता. समितीचे साहेब वाकून "सुंदर, सुंदर" म्हणत होते आणि श्रीहर्ष सर हात बांधून हसत होते. व्यंकटच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं पुढे होऊन प्लग उपटला.

"काय करायलास?" सर ओरडले. "लाव तो!"

"लावत न्हाई. मरायलेत ते."

"साहेब, माफ करा, हा जरा डोक्यानं..."

"माझं डोकं ठिकाणावर हाय. तुमचं कुठं हाय ते बघा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सगळे पुढच्या खोलीत निघून गेले. जाता जाता सर दात-ओठ खात म्हणाले, "उद्या पेटी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाईल. ह्याच दिव्यासकट. आणि तुला मेमो."

मेमोची व्यंकटला फिकीर नव्हती. त्यानं हात ओले केले, चौघांना एकेक करून उचललं, ओल्या फडक्यात घेतलं आणि ग्रंथालयामागं गळक्या टाकीखाली कर्दळी माजली होती तिथं नेलं. तीन लगेच पानांत शिरले. तळाशी पडलेला बराच वेळ तळहातावर बसून राहिला. व्यंकट त्याच्यावर थेंब थेंब पाणी सोडत राहिला. शेवटी त्यानंही उडी मारली. आता ते पुन्हा दिसणार नाहीत हे कळूनही व्यंकट टाकीपाशीच बसला.

रिकामी पेटी पाहून सर धावतच आले. "कुणाला विचारून सोडलास?"

व्यंकट हात झटकत उठला. "धरताना कुणाला इचारलं व्हतं?"