बारा मिनिटं कापायची नाहीत

साल २०१६. मी सदुसष्ट वर्षांचा. पारोळ्याच्या टॉकीजमध्ये नवा मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. ज्या खोलीतून पिक्चर पडद्यावर जातो, तिला बूथ म्हणतात. तिथे मी पंचेचाळीस वर्षं ऑपरेटर. शाळा चौथीपर्यंत, पण पिक्चर मला कुणी शिकवू नये.

बाजाराचा दिवस. बाराचा शो बायांचा. कापूस वेचणाऱ्या बाया बाजार आटोपून पिशव्यांसकट येत. लव्हस्टोरी होती, तिसरा आठवडा. इंटरव्हल नुकताच संपला होता.

"नाना, इंटरव्हलनंतरची बारा मिनिटं उडवा," मॅनेजर म्हणाला. "हा लांबतोय, तीनला वेळेवर मारामारीचा नवा पिक्चर लावायचाय. त्या रडारडीत घडतं काय? या बायांनी दोनदा पाहिलाय, कळणारही नाही."

"दोनदा पाहिलाय म्हणूनच कळेल. मी कापणार नाही."

पूर्वी रीळ कापायला कात्री लागायची. आता पिक्चर कॉम्प्युटरमध्ये. बटण दाबलं की पुढे. त्याने हात लांबवून स्वतःच दाबलं.

खाली एकच गलका. सिंधूअक्का, दर बाजाराची गिऱ्हाईक, उठून बूथच्या झरोक्याकडे वळली.

"ओ नाना! तो तिले 'जेवनी का' इचारस, तो सीन कोठे गया?"

"अक्का, पुढे मस्त गाणं आहे!" मॅनेजर ओरडला.

"गानं तुलेच ऱ्हाऊ दे! आम्हले घरमा कोनी इचारत नही. आठे टॉकीजमा तरी पाहू दे!"

सगळ्या बाया उभ्या राहिल्या. मॅनेजर मला म्हणाला, "बटणाला हात लावाल, तर उद्यापासून येऊ नका."

मी हात लावला. पिक्चर मागे घेतला.

एसटी स्टँडवर हिरो हिरॉईनला 'जेवलीस का' विचारतो, ती रडते, दोघं एका डब्यातून जेवतात. एवढंच. खाली फक्त नाकं ओढल्याचा आवाज. तीनच्या शोचे पुरुष बाहेर उन्हात ताटकळले. ताटकळू देत. आपला हिरो वीस जणांना लोळवणार हे त्यांनाही आधीच ठाऊक असतं, तरी शिट्ट्या मारतात. त्याला कुणी फालतू म्हणत नाही.

शो सुटल्यावर मॅनेजरने बूथची किल्ली मागितली.

"मालक मागतील तेव्हा देईन," मी म्हणालो.

मालकांनी अजून मागितलेली नाही. बाराचा शो अजून बायांचाच आहे. मॅनेजर जळगावला मॉलमध्ये लागला, तिथे त्याचं भलं होवो. धडा एवढाच, की सीन कापण्याआधी तिकीट काढून बसलेल्या बाईला विचारावं.

त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला मी बूथ उघडलं, झरोक्याची काच पुसली आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: पिक्चर पूर्ण दाखवला जाईल.