दाजी म्हणतील तो रंग

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, शास्त्रज्ञ आहेत. तसं ते स्वतःच सांगतात, कुणी विचारायची वाट बघत नाहीत. त्यांनी एक नळी शोधून काढली आहे. तिच्यात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं लाल पाणी असतं आणि त्या कणांना डीएनएचे तुकडे चिकटवलेले असतात. नमुन्यात जंतूचा डीएनए सापडला की हे तुकडे त्याच्याशी जोडी जमवतात, कण एकमेकांना बिलगतात आणि लाल पाणी निळं होतं. कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही. डोकं फिरतं ते माणसामुळे.

मी त्यांच्याच प्रयोगशाळेत नळ्या भरते. तिथली रीत अशी, की नळी आधी दाजी उजेडात धरणार, रंग जाहीर करणार आणि मग आम्ही सगळ्यांनी "हो सर" म्हणायचं. रंग मोजायचं यंत्र कोपऱ्यात फडक्याखाली पडलंय. "यंत्राला काय कळतंय?" म्हणत दाजी आपल्या नजरेचा टेंभा मिरवतात. जंतू थोडे असले की पाणी जांभळं होतं, पण दाजींच्या राज्यात जांभळा रंगच नाही. हवं असेल तर निळं, नको असेल तर लाल. री ओढायला आम्ही आहोतच.

परवा ताईला सणकून ताप भरला, कंबर धरली. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. दाजींचं नाक लगेच वर. घरात त्यांची नळी असताना दवाखाना कशाला? शिवाय सकाळी त्यांना परगावी परिषदेत भाषण ठोकायचं होतं. बायको आजारी निघाली असती तर सगळंच बोंबललं असतं. त्यांनी चक्क स्वयंपाकाच्या ओट्यावर ताईची लघवी तपासली, नळी दिव्याखाली धरली आणि म्हणाले, "लाल. संसर्ग नाही."

पाणी वांग्यासारखं जांभळं होतं.

"दाजी, हे जांभळं आहे," मी म्हटलं. "तिला आत्ताच्या आत्ता नेऊ या."

"तुला नळ्या भरायला ठेवलंय, रंग सांगायला नाही." मग त्यांनी नळी ताईसमोर धरली. "तूच बघ, आणि सांग तुझ्या बहिणीला."

ताई भिंतीला टेकून उभी होती, थंडीने कुडकुडत. तिने मान वर केली, पण नळीकडे बघितलंच नाही. दाजींचा चेहरा तेवढा नीट बघून घेतला.

"लालच आहे गं," ती मला म्हणाली. "उगाच घाबरवतेस."

आणि भिंतीचा आधार घेत घेत ती त्यांची बॅग भरायला आत गेली.