चौथा कोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, केळझरच्या गणपतीपुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही. आज सांगते आहे तर नीट ऐका. आणि मध्येच "जाऊ दे बाई, लहान होतीस" असं म्हणू नका. लहान होते, पण मला सगळं कळत होतं.

मी गणिताची शिक्षिका आहे. चांगली शिकवते, हे स्वतःच्या तोंडाने सांगायला मला लाज नाही. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज तीनशे साठ, हे माझी पोरं झोपेतही सांगतील. पण गंमत सांगू का? चौथा कोन कुणी मोजतच नाही. तीन मोजायचे, तीनशे साठातून वजा करायचे, चौथा लिहून मोकळं व्हायचं. आम्हीही तेच करायचो. सगळा वर्ग — एक शोभा सोडून.

शोभा माझ्या बाकावरची, माझी जिवाची मैत्रीण. आठवीत आमच्या दोघींत एकच कोनमापक होता, माझा, प्लास्टिकचा. त्याच्या डाव्या बाजूवर मी एकदा चहाचा गरम गंज, म्हणजे पातेलं, टेकवला होता, तेव्हापासून ती बाजू जराशी आखडली होती. नव्वदच्या आतले कोन तो बरोबर दाखवायचा. नव्वदच्या पुढे गेलं की दोन-तीन अंश जास्त. शोभाला हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

तालुक्याच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकच नाव जाणार होतं. ते शोभाचं की माझं, एवढाच प्रश्न होता. सरांनी छापलेला चौकोन दिला — मोजा म्हणाले. मी मोजले. पंच्याऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर. आणि मग — हो, येते आहे मुद्द्यावर — त्या दिवशी मी चौथाही मोजला. एकशे तेवीस. बेरीज तीनशे त्रेसष्ट! खोडरबर घेतलं, एकशे तेवीस पुसलं, एकशे वीस लिहिलं आणि कोनमापक शोभाकडे सरकवला.

तिचेही एकशे तेवीसच आले. तिने फक्त पुसले नाहीत.

सरांनी तिला उभं केलं. पुन्हा मोज म्हणाले. पुन्हा एकशे तेवीस. तिसऱ्यांदाही तेच. "एकशे वीस लिहून दे ना वं," मागून कुणी कुजबुजलं. "दिसून नाई राह्यलं तं काऊन लिहू?" शोभा म्हणाली, आणि सगळा वर्ग खदखदून हसला. सरांनी कोनमापक हातात घेऊनही पाहिला नाही. हिले साधा कोन मोजता येत नाई, म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. तू चौथा मोजला का? हो सर, म्हटलं मी. खोटं होतं का ते? मोजला होताच की!

कोनमापक बिघडलाय, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी मूग गिळून बसले. स्पर्धेला नाव माझं गेलं.

पुढचं कॉलेज, ही नोकरी — ती माझ्या मेहनतीची आहे, त्यावर बोट ठेवलेलं मी ऐकून घेणार नाही. आणि एकशे वीस हेच उत्तर बरोबर होतं, आजही आहे. बरोबर उत्तर लिहिलं म्हणून रडत बसू? नाही बसत.

शोभाने मात्र गणिताचा नाद सोडला. दहावीनंतर शिवण शिकली. सिंदीत तिचं शिलाईचं दुकान आहे. माझे सगळे ब्लाउज तीच शिवते. एकही कधी बिघडला नाही. तरी प्रत्येक माप ती दोनदा घेते, कधी तीनदा, आणि गिऱ्हाइकाला हसत सांगते, "माहा हात मोजण्यात कच्चा हाये वं, शाळेपासून."

परवाच गेले होते. तिने माझ्या दंडाला टेप लावला, मोजलं, सोडलं, पुन्हा मोजलं. मग टेप तसाच धरून म्हणाली, "तू पाय बरं एकदा, वंदे. तुही नजर पक्की."

मी पाहिलं. तिचं पहिलंच माप बरोबर होतं. "बरोबर हाये," म्हटलं, आणि कोनमापकाबद्दल काही बोलले नाही. पुढच्या वेळीही बोलणार नाही.