आत्या आणि 'निकालें'चं बटण

या जगात कुठलीही गोष्ट आपोआप घडत नाही, ती कुणीतरी रीतसर 'पुट अप', म्हणजे वरिष्ठांपुढे सादर करावी लागते, असं मनापासून मानणारी एकच बाई मी आजवर पाहिली आहे, आणि ती माझ्या नवऱ्याची आत्या आहे. आत्यांची सगळी नोकरी दिल्लीतल्या एका मंत्रालयात गेली. सेक्शन ऑफिसर म्हणून त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तेच काम त्यांनी घरी सुरू केलं. सकाळचं वर्तमानपत्र वाचून झालं की त्याच्या कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून त्या सही करतात. दूधवाल्यानं खाडा केला तर त्याला आधी तोंडी समज मिळते, मग लेखी स्मरणपत्र जातं. एकदा मी त्यांच्याकडे ढोकळा करून नेला, तर "ठेव तिथे, बघते," म्हणाल्या, आणि जेवण झाल्यावर मला बोलावून गंभीरपणे सांगितलं, "तुझा ढोकळा मंजूर." लग्न मात्र त्यांनी केलं नाही. "माझं प्रकरण कुणी नीट पुट अपच केलं नाही गं," असं त्या हसत सांगतात, आणि त्यावर हसावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अशा बाईच्या घरी कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग त्याला विषाणूंपासून वाचवणारा अँटिव्हायरस आला. आत्या त्याला 'पहारेकरी' म्हणतात. मराठी त्याला येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला हिंदीवर लावून दिलं, कारण सगळी नोकरी राजभाषेत काढल्यावर घरात इंग्रजीतून दरडावून घेणं त्यांना पटेना. हा पहारेकरी दर आठवड्याला काहीतरी चूक दाखवायचा आणि ती निस्तरायला मला बोलावणं यायचं. मी मूळची पुण्याची, गुडगावच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून त्यांना कळवायच्या, एवढंच माझं काम. चूक दुरुस्त कशी करतात हे मला कधी नीट कळलेलं नाही. पण सासरच्या मंडळींच्या दृष्टीनं मी 'कॉम्प्युटरमधली', त्यामुळे दर रविवारी नवरा, नऊ वर्षांची लेक आणि मी असा लवाजमा मेट्रो बदलत बदलत वैशाली नावाच्या उपनगरातल्या आत्यांच्या फ्लॅटवर पोचायचा.

दारातच आत्या रजिस्टर पुढे करायच्या. त्यात चूक कधी आली, किती वाजता आली, काय म्हणाली आणि त्यावर कोणती कारवाई झाली, असे रकाने होते. शेवटचा रकाना माझ्यासाठी. "तुझी टिप्पणी लिही," असं म्हणून त्या चहा टाकायला जायच्या. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे 'कारण समजले नाही' असं लिहायची. तीन-चारदा तेच लिहिल्यावर आत्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "अगं, पगार कशाचा घेतेस?" तेव्हापासून मी 'निरीक्षण चालू आहे' असं लिहू लागले. त्यानं त्यांचं समाधान झालं. सरकारात हे उत्तर चालतं म्हणे.

त्या चुकीमागचं कारण कळायला मला बरेच रविवार लागले. आत्यांच्या कॉम्प्युटरवर एक यादी होती. माझा नवरा लहान असताना आत्या भावाच्या कुटुंबाबरोबर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. एके दिवशी हा सहा वर्षांचा गुडघा फोडून घरी आला आणि रडत म्हणाला, "आत्या, मी गिरलो." गुडघ्याचं राहिलं बाजूला, आत्यांना त्या 'गिरलो'नंच चक्कर यायची वेळ आली. त्या दिवसापासून घरातल्या पोराला जो मराठी शब्द कळणार नाही, तो त्या टिपून ठेवू लागल्या. पेंग, खरकटं, वेंधळा, शिंकाळं, पाणउतारा. प्रत्येकापुढे तारीख, कुणाला कळला नाही त्याचं नाव, आणि शेरा 'प्रलंबित'. पुढे पोरानं तोच शब्द कुणी न सांगता आपणहून वापरला, की शेरा बदलायचा, 'निकाली'. माझ्या नवऱ्याच्या नावावरचे बहुतेक शब्द अजून प्रलंबित होते. आमची लेक बोलू लागल्यावर तर यादीला नुसता पूर आला, कारण ती "आई, मला धूप लागतंय" असं बोलते आणि आपण मराठी बोलतोय याबद्दल तिला बिल्कुल शंका नसते.

आता ही यादी ज्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेली होती, तो फार जुना. आत्यांच्या ऑफिसातल्या एका मराठी गृहस्थांनी हौसेनं स्वतः बनवलेला. तो चालू असला की मराठी अक्षरं दिसायची, बंद असला की त्याच यादीच्या जागी उलटेसुलटे आकडे, अक्षरांवरच्या टोप्यांसारख्या खुणा आणि टिंबं. गृहस्थ नागपूरला परतले आणि तिथून देवाघरी गेले, ज्या फ्लॉपीवर त्यांनी तो दिला होता तिला बुरशी लागली. राहिली ती आत्यांच्या कॉम्प्युटरवरची एकुलती एक प्रत, आणि नेमकी तीच पहारेकऱ्याला चोर वाटायची. तो तिला पकडून कोठडीत टाकायचा, मी 'वापस रखें' हे बटण दाबून तिला सोडवायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी पेनड्राईव्हवर एक प्रत काढून पाहिली, तर त्यानं ती तिथूनही उचलली. "निदान यादी छापून तरी ठेवा," असं मी म्हटलं, तर आत्या दुखावल्या. "ड्राफ्ट कुणी छापतं का? यादी अजून पूर्ण कुठं झालीय?"

गेल्या हिवाळ्यात पहारेकऱ्यानं आपलं आपण अपडेट करून घेतलं आणि माझं ओळखीचं बटणच नाहीसं झालं. आता कोठडीतल्या प्रोग्रॅमखाली दोनच बटणं होती, 'रहने दें' आणि 'निकालें'. 'रहने दें' म्हणजे कोठडीतच राहू द्या, हे मलाही कळलं. पण 'निकालें' म्हणजे काय? कोठडीतून बाहेर काढा, की कॉम्प्युटरमधूनच काढून टाका? मी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी माझा हात धरून माऊसवरून बाजूला केला.

"त्याला हात लावू नकोस. तो निकाल लावेल."

तीन रविवार आम्ही त्या बटणाकडे नुसते बघत बसलो. मी हिंदीच्या बाजूनं विचार केला की मला धीर यायचा आणि मराठीच्या बाजूनं केला की घाम फुटायचा. शेवटी आत्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. आधी पलीकडच्या माणसाचा हुद्दा विचारून घेतला, मग प्रकरण मांडलं. एरवी त्यांचं हिंदी इतकं शुद्ध की दिल्लीकर ओशाळतात, पण त्या चिडल्या की आतून मराठी वर येतं.

"मैम, आप चाहती क्या हैं? फ़ाइल निकालनी है?"

"हाँ भैया, निकालनी है। लेकिन उसका निकाल नहीं लगाना है।"

पलीकडे की-बोर्ड खडखडला. मग तो म्हणाला, "मैम, एक बार रीस्टार्ट कर लीजिए।" आत्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'उत्तर असमाधानकारक'.

चौथ्या रविवारी माझ्या नवऱ्याचा धीर सुटला. त्याला मॅच बघायची होती. तो खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसला.

"अगं आत्या, तू पण ना! निकालें म्हणजे बाहेर निकालना. सिम्पल आहे यार."

"अरे थांब. निकाल लावणं म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

"हो, रिझल्ट लावणं. दहावीचा निकाल लागला, तसं. चलो, लावतो रिझल्ट." आणि त्यानं बटण दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरला. मग सगळं हिरवं झालं आणि एक मोठ्ठी बरोबरची खूण आली. खाली लिहिलं होतं, 'आपका कंप्यूटर सुरक्षित है।' इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एकही चूक दिसत नव्हती. नवरा विजयी मुद्रेनं वळला. मी यादी उघडली. आकडे, टोप्या आणि टिंबं. पानंच्या पानं. प्रोग्रॅमचा निकाल लागला होता.

मला ओरडायचं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. तो सहा वर्षांचाच दिसत होता. "सॉरी आत्या, मला खरंच वाटलं..." एवढंच तो कसंबसं म्हणाला. आत्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, तारीख घातली, काहीतरी लिहिलं आणि सही केली. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता कळलं ना, निकाल लावणं म्हणजे काय? चला. तुझ्या नावावरचा एक तरी निकाली निघाला." तो उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मॅच कुणीच लावली नाही.

ती फाइल मी ऑफिसात नेली. ज्यांना खरंच कॉम्प्युटर कळतो अशा चार जणांना दाखवली. एकानं कसलासा उपाय करून तिचं मराठी करून आणलं, त्यात ओळीच्या ओळी 'क्षझक्षझ' होत्या आणि मध्येच एकदा 'गाजर' आलं होतं. ते गाजर यादीत मुळात होतं का, हे आत्यांनाही सांगता येईना.

पुढच्या रविवारी रजिस्टर दारात आलं नाही. जानेवारीचे दिवस होते. आत्यांच्या फ्लॅटसमोर उंच इमारती झाल्यात, त्यामुळे थंडीत ऊन दुपारी थोडा वेळ दोन इमारतींच्या मधून आत डोकावतं आणि जातं. तेवढ्यात आत्यांनी खुर्ची लावली होती. त्यांनी माझ्या लेकीला शेजारी बसवलं, तिच्या हातात दोनशेपानी वही आणि पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "मी सांगते, तू लिही. वहीला पहारेकरी नसतो."

त्या सांगत होत्या, ती लिहीत होती. पेंग, खरकटं, वेंधळा, भराभर आले. मग वेग मंदावला. आत्या डोळे मिटून बसायच्या, बोटांवर मोजायच्या, एखादा शब्द दोनदा सांगायच्या. "आत्याआजी, वेंधळा झाला," असं लेक म्हणाली की "हो का, बरं," म्हणायच्या. यादीत किती शब्द होते आणि किती परत आले, कुणालाच ठाऊक नाही. कोपऱ्यातला कॉम्प्युटर आपला हिरवागार, सुरक्षित.

मध्येच त्या थांबल्या. त्यांच्या मांडीवर उन्हाचा एक लांबट पट्टा पडला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे बघ, हा एक होता. याला काय म्हणतात गं... असं फटीतून येतं, एवढंसंच..."

मला शब्द येत होता. पण आत्यांना आठवेल म्हणून मी गप्प राहिले. आत्या बोट तसंच ठेवून बसल्या.

"तिरीप," लेक म्हणाली. वहीतून डोकंही वर न काढता. "उन्हाची तिरीप. तूच नाही का म्हणतेस, मला तिरपीत बसू दे म्हणून?"

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला.

"लिही," त्या म्हणाल्या. "तिरीप. आणि पुढे लिही, निकाली."

परतताना मेट्रोत लेक माझ्या खांद्यावर झोपली आणि नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "पेंग आली तिला." मग माझ्याकडे बघून कसनुसं हसला. मी त्या तिरपीचाच विचार करत होते. आत्या तो शब्द खरंच विसरल्या होत्या, की पोरीला येतो का ते बघत होत्या? मला आजही कळलेलं नाही. पुढच्या रविवारी त्यांना विचारायचं असं मी ठरवते, आणि त्यांच्या दारात पोचले की मला विचारवत नाही.