माहेरची सुरी

माझ्या लग्नात मुरगूडच्या लोहाराने घडवलेली मटणाची सुरी माझ्याबरोबर कोल्हापूरला आली. भांडीकुंडी सगळ्याच मुली नेतात. सुरी नेणारी मी एकटीच निघाले, आणि सासरच्यांनी त्यावरून माझी मनसोक्त चेष्टा करून घेतली.

आमच्या गल्लीत धारवाला यायचा. पायाने चाक फिरवायचा, ठिणग्या उडायच्या आणि बायका विळ्या घेऊन धावायच्या. मी जात नसे. आईनं बजावलं होतं, "चाकाला दिऊ नगंस. चाक लोखंड खातंय. कानस बी लावू नगं. म्हायेराला येशील तवा मी लावून देतो की."

म्हणून सणाला मुरगूडला जाताना पिशवीत सुरी असायचीच. आई नदीतल्या काळ्या दगडावर पाणी शिंपडायची, पातं जरासं कलतं धरून सावकाश ओढायची. मग धार नखावर टेकवून बघायची. घसरली की पुन्हा दगड. लेक आल्यावर गोडधोड करायचं सोडून ही बाई सुरी घेऊन बसते, म्हणून वडील कुरकुरायचे. मला एकटीला मात्र ती तेवढाच वेळ मिळायची.

एका दिवाळीला तिनं अशीच धार लावून दिली, आणि संक्रांतीच्या आत आई गेली.

त्यानंतर मी त्या सुरीनं काही चिरलं नाही. ती धार आईच्या हातची होती. ती घालवायची माझी छाती होईना. मटण बोथट विळीवर कापत बसायची. सासूबाई म्हणाल्या, "सुरी हाय का देव्हाऱ्यातला टाक? काढ की भाईर." त्यांचं खरं होतं, पण खरं बोलणाऱ्याचाच जास्त राग येतो.

पावसाळ्याच्या तोंडावर मी मुठीला आणि पात्याला खोबरेल चोळलं. धारेला तेवढं बोट लावलं नाही, कारण तिथं आईचा शेवटचा हात फिरला होता. सुरी कापडात गुंडाळून फडताळात ठेवली.

गणपती गेल्यावर उघडून बघते तर पातं लख्ख आणि गंज नेमका धारेवर चढलेला.

सासूबाईंनी मोरीशी दगड मांडला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. मी घासायला बसले. तांबडं पाणी दगडावरून उतरून मोरीकडे निघालं, तशी मी सुरी खाली ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी ते पाणी अडवत बसले.