अडीच फेरे

बाईंच्या गाडीला एकतीस वर्षं झाली आणि बाईंना सदुसष्ट. दोघींपैकी कोणीही भंगारात जाण्याच्या लायकीची नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे झालं त्यात पाव दोष माझा आहे, आणि उरलेला पाऊण दोष ज्यांचा आहे ते तिघं माझे मित्र आहेत.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात आपापल्या जुन्या गाड्या घेऊन जमतो. दातांचे डॉक्टर, बेकरीवाला, वीजमीटर तपासण्यात आयुष्य घालवलेला मीटरवाला, आणि मी चष्मेवाला. जमून काय करतो, तर बॉनेट उघडतो आणि भांडतो. डॉक्टरांच्या मते गाडी म्हणजे त्यांची लांब नाकाची, लाल सीटची. बाकी सगळे डबे. बेकरीवाल्याची मागून उघडणारी आहे, तिच्यात अजून पिठाचा वास येतो आणि हे तो अभिमानाने सांगतो. मीटरवाल्याची डिझेलची, सुरू झाली की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेतात. माझी चालते कमी आणि दुरुस्त जास्त होते, पण तिच्याइतका सुंदर डॅशबोर्ड कोणी केला नाही, आणि ज्याला पटत नसेल त्याने यावं आणि बघावं.

या भांडणात बाई पडत नसत. त्या आपली बिस्किटी रंगाची, दोन दारांची गाडी एका कडेला लावत, थर्मासमधला चहा ओतून घेत आणि ऐकत बसत. ऐकणं हाच त्यांचा धंदा. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. तार कुठे ओली झाली आहे, कुठे जोड सैल आहे, हे त्या खरखरीवरून सांगत, असं म्हणतात. मी खोटं समजलो असतो, पण एकदा माझी गाडी रस्त्यावरून आत वळत असताना त्या पाठमोऱ्या बसून म्हणाल्या, "चष्मेवाले, तिसरा प्लग बघा." तिसराच होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर अक्कल पाजळणं बंद केलं.

त्यांनी गाडी का घेतली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेव्हा त्या थोरल्या भावाच्या घरी राहत. दादा त्यांना रोज एक्स्चेंजला सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा, आणि चारचौघांत सांगायचा की बहिणीला मी कधी बसची वाट बघू देत नाही. वाट बसची नव्हती, दादाची होती. एका संध्याकाळी तो विसरला. कुठल्याशा मित्राची नवी गाडी बघायला गेला होता. बाई एक्स्चेंजच्या पायरीवर तीन तास बसून राहिल्या. रखवालदाराने दोनदा विचारलं, "कोणी येणार आहे ना?" दोनदा त्या हो म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी भविष्य निर्वाह निधी मोडला, चालवायला शिकल्या आणि ही गाडी घेऊन थेट दादाच्या दारात उभी केली.

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी असताना तुला गाडी कशाला?" असं त्याने विचारलं. बाई फक्त म्हणाल्या, "बस, एक चक्कर मारू." तो बसला नाही. एकतीस वर्षांत एकदाही बसला नाही. या गाडीचं डावीकडचं दार जरा उचलून ओढल्याशिवाय लागत नाही, हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे, दादाला माहीत नाही. त्याने स्वतः दर तीन वर्षांनी नवी गाडी घेतली आणि दर वेळी बाईंना विचारलं, "अजून तेच खटारं?" बाईंनी त्याला भीक घातली नाही.

आता आमच्या इथे तीस वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी तपासणी असते. ब्रेक, दिवे, आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे धूर. एका दिवसात दोनदा संधी मिळते. दोन्ही वेळा नापास झाली तर नंबर तिथेच रद्द होतो आणि गाडी तिथूनच भंगारात जाते, घरी परत येत नाही. यंदा दादाने ठरवूनच टाकलं होतं की हे शेवटचं. "सोमवारी मीही येतो," तो फोनवर म्हणाला. "गाडी गेली की तू परत कशी जाणार? आम्ही सोडू ना तुला. आणि पुढेही कुठे जायचं असलं तर फक्त सांगायचं, कोणीतरी येईल."

"कोणीतरी येईल," बाई आम्हाला ते वाक्य ऐकवून म्हणाल्या, आणि थर्मासचं झाकण इतकं घट्ट लावलं की पुढे बेकरीवाल्याला ते उघडायला फडकं घ्यावं लागलं.

तो तपासणीच्या आदला रविवार होता. बाईंच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं, आणि दादाचा फोन आला म्हणून त्या रस्त्याच्या बाजूला गेल्या होत्या. अर्धा तास बोलत होत्या, म्हणजे ऐकत होत्या.

आता इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरवर एक लहानसा स्क्रू असतो. इंजिनात पेट्रोल किती आणि हवा किती, हे तो ठरवतो. बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं, गाडी मऊ चालते आणि धूर वाईट होतो. बाईंच्या गाडीचा हा स्क्रू पूर्ण आत बसवून अडीच फेरे बाहेर काढलेला असे, वर्षानुवर्षं. कोणी हात लावला तर कळावं म्हणून त्यांनी स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता आणि त्याच्यासमोर धातूवर दुसरा. दोन ठिपके समोरासमोर, म्हणजे सगळं जागेवर.

आणि जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीचा हा स्क्रू दिसला की त्याचे हात शिवशिवतात. हा आजारच आहे. मी नीट ऐकलं, मला इंजिन किंचित अडखळल्यासारखं वाटलं. म्हटलं, उद्या तपासणीला बंद पडली तर? खिशातला चष्म्याचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पाव फेरा बाहेर फिरवला. फक्त पाव. लाल ठिपका जरा बाजूला गेल्यासारखा दिसला. का दिसणार नाही, मीच तर सरकवला होता. तो माझ्याआधी कुठे होता हे मी बघितलंच नव्हतं. चष्मेवाल्याची ही नजर.

बाई परत आल्या, बॉनेट लावण्याआधी सवयीने वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." मला जरा आश्चर्य वाटलं. पण मूग गिळून गप्प बसलो.

सोमवारी सकाळी आम्ही चौघंही तपासणीच्या आवारात हजर. दादाला त्याच्या मुलाने फाटकाशी सोडलं आणि मुलगा आपल्या ऑफिसला गेला. फोन केला की येतो म्हणाला. दादाच्या हातात नंबर रद्द करण्याचा अर्ज होता, तोही भरलेला. फक्त सही बाकी होती. भिंतीशी भंगारवाल्याचा, गाड्या ओढून नेणारा ट्रक उभा होता. त्याला दादानेच बोलावलं होतं.

ब्रेक पास झाले. दिवे पास झाले. मग तपासनिसाने धुराच्या नळीत आपलं यंत्र घातलं, यंत्राकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"बाई, आकडा दुप्पट आलाय," तो म्हणाला. "दुसरी संधी आहे, पण खिडकी बारा वाजता बंद होते. आता सव्वाअकरा झालेत."

"नको ताणू आता," दादा म्हणाला. "इतकी वर्षं दिली तिने. सही कर, मी त्याला फोन लावतो." आणि तो मुलाला फोन लावत तपासणीच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसला.

बाई हलल्या नाहीत. बॉनेट उघडून त्यांनी ठिपके बघितले. लाल ठिपका लाल ठिपक्यासमोर होता, अगदी सरळ रेषेत. मी तर तो पाव फेरा सरकवला होता. मग तो तिथे कसा?

"काल घरी जाताना आवाज जाड वाटला मला," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "खाली उतरून खूण बघितली. जागेवर होती. म्हणून कानाला गप्प बसवलं." मग त्यांनी इंजिन बंद केलं, पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि स्क्रू हलक्या हाताने आत फिरवत मोजू लागल्या. एक. दोन. अडीचला तो टेकायला हवा होता. टेकला नाही. तीन. साडेतीनला टेकला.

त्यांनी मान वर केली आणि आम्हा चौघांकडे एकेक करून बघितलं. माझ्या शाळेतल्या बाईंनीही माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"पूर्ण एक फेरा जास्त आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून ठिपका फिरून जागेवर आला. कोणी केलं?"

"मी पावच फिरवला होता," डॉक्टर म्हणाले.

"मी पण पावच," बेकरीवाला म्हणाला. "जरा मऊ चालावी म्हणून."

मीटरवाल्याने खाली मान घालून एक बोट वर केलं. मीही केलं. चार पाव. चौघांनी एकमेकांना न सांगता, एकाच सकाळी, एकाच दिशेने. बाईंच्या गाडीचा गळा आम्ही प्रेमाने दाबला होता. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि मी सांगतो, आम्ही त्याच लायकीचे होतो.

"दादाला ही गाडी आवडत नाही, म्हणून त्याला तिला मोडायचं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आवडते, म्हणून तुम्ही मोडलीत. मला कोणी विचारलंत?"

उत्तराला न थांबता त्यांनी नखाने दोन्ही ठिपके खरवडून काढले, स्क्रू अडीच फेरे बाहेर काढला आणि गाडी सुरू केली.

शेजारी भंगारवाल्याचा ट्रक धडधडत होता. बाई सरळ त्याच्याकडे गेल्या. "इंजिन बंद करा. मला माझ्या गाडीचं ऐकायचंय."

"बाई, मी तुमच्यासाठीच थांबलोय," तो हसून म्हणाला.

"माझ्यासाठी थांबायला मी सांगितलं नाही. बंद करा."

त्याने बंद केला. आवार एकदम शांत झालं. बाई बॉनेटवर वाकल्या, डोळे मिटले आणि स्क्रू केसभर आत घेतला, केसभर बाहेर, पुन्हा किंचित आत. मला काहीच फरक ऐकू येत नव्हता, हे कबूल करतो. मग त्या सरळ झाल्या, बॉनेट लावलं आणि तपासनिसाला हाक मारली. बाराला दहा कमी होते.

त्याने नळी घातली. यंत्राकडे बघितलं. "बाई, माझ्या नव्या गाडीचा आकडा याच्या फार खाली नाही," तो म्हणाला आणि शिक्का मारला. बेकरीवाल्याचे डोळे पाणावले. तो म्हणाला धुरामुळे, पण धूर नव्हताच.

बाईंनी कागद पर्समध्ये ठेवला. आमचे आभार मानायचं काही कारण नव्हतं, त्यांनी मानले नाहीत. "रविवारी या," एवढंच म्हणाल्या. "हात खिशात घालून या."

गाडी फाटकाकडे निघाली आणि ऑफिसच्या पायरीशी थांबली. दादा अजून तिथेच बसला होता, फोन हातात, अर्ज मांडीवर. त्याचा मुलगा मीटिंगमध्ये होता आणि फोन उचलत नव्हता. रखवालदार त्याला विचारत होता, "कोणी येणार आहे ना?"

"हो, येईल," दादा म्हणाला.

बाईंनी हात लांब करून डावीकडचं दार आतून उघडलं. "किती वेळ बसलायस?"

"अर्धा तास झाला."

"मी तीन तास बसले होते," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बस."

दादाने रस्त्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं. मग तो उठला, गुडघे धरून आत बसला आणि दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं. तरी लागलं नाही. त्याने बहिणीकडे बघितलं.

"उचलून ओढायचं," बाई म्हणाल्या, आणि ते लागेपर्यंत थांबल्या.