निंगालं किती?

रविवार, २१ एप्रिल १९८५. स्थळ पांढुर्णा, माझ्या भाचीच्या सासरचं अंगण. रक्कम तीन हजार रुपये, शंभराच्या तीस नोटा, माझ्या थोरल्या बहिणीच्या कमरेच्या पिशवीत. हजर माणसं सहा: माझी बहीण, तिची मुलगी सुनंदा, सुनंदाचा नवरा, त्याचे आईवडील आणि मी. भिंतीवरून पाहणारे शेजारी मोजलेले नाहीत.

मी सौंसरच्या तहसील कचेरीत हिशेब लिहितो, म्हणून सुरुवात अशी झाली. सांगायचं आहे ते बहिणीबद्दल. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तशी ती आमची बाई. तिला जाऊन या पोळ्याला एक वर्ष झालं. त्या दिवसाबद्दल पांढुर्ण्यात आणि सौंसरात लोक अजून जे बोलतात ते मला ऐकवत नाही. म्हणून जे झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

बाईचं सासर मोहगावचं. चार एकर संत्र्याची बाग, थोडा कापूस, एक विहीर आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन. भाऊजी गेले तेव्हा सुनंदा दहा वर्षांची होती. पहिल्या उन्हाळ्यात एका मिस्त्रीने इंजिनाचं ऑइल बदललं म्हणून पैसे नेले. बाईने दुसऱ्या दिवशी स्वतः खालचं बूच काढलं. काळंकुट्ट जुनं ऑइल, आणि तेही निम्मं. तिने ते डब्यात घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि भर बाजारात मिस्त्रीच्या दुकानासमोर नेऊन ठेवलं. म्हणाली, "तू टाकलं किती थे सांगतलं. आता हे निंगालं किती थे पाहून घे."

तेव्हापासून इंजिनाला दुसऱ्याचा हात लागला नाही. तिच्या हातचं संत्रं खाताना पहिल्या फोडीला डिझेलचा वास यायचा. कुठलंही ऑइल दिसलं की ती त्यात बोट बुडवायची, अंगठ्यावर घासायची, हुंगायची, आणि मग ते बोट लुगड्याला न पुसता बैलगाडीच्या आसाला पुसायची. फुकट घालवायचं काही नाही. आणि कोणी कसलाही मोठेपणा सांगू लागलं, दिलेल्या देणगीचा, घातलेल्या खताचा, मुलाच्या शिकवणीचा, की तिचा एकच प्रश्न: "निंगालं किती?"

मला नंबर लावून सात वर्षांनी, १९८१ साली, स्कूटर मिळाली. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. मी त्यातले आकडे वहीत उतरवून घेतले: गिअरबॉक्समध्ये अडीचशे मिलीलिटर ऑइल, पहिल्यांदा लवकर आणि मग दर चार हजार किलोमीटरला बदलायचं. बाई घरी आली होती. मी स्कूटर दुकानात न्यायला निघालो तर तिने हँडल धरलं.

"काऊन नेतं? घरी काय हात नाई?"

"बाई, ही स्कूटर आहे. विहिरीवरचं इंजिन नाही."

"इंजन इंजनच असते. थे विहिरीवर बसते, हे चक्क्यावर बसते."

ती उभ्या आयुष्यात स्कूटरवर बसली नव्हती. तरी तिने मला खाली बसवलं. आधी पाच मिनिटं गाडी चालू ठेव, ऑइल गरम झालं की सगळी घाण घेऊन उतरतं. वरचं बूच आधी सैल कर, म्हणजे हवा जाईल. मग खालचं काढ आणि चहा होईपर्यंत हात लावू नको. मापायला काही नव्हतं, तर तिने माझ्या धाकट्याची टाकून दिलेली दुधाची बाटली काढली. तिच्यावर अडीचशेपर्यंत रेघा होत्या. मी पाना जोरात आवळायला लागलो तेव्हा तिने मनगटावर चापट मारली. "पोरीची वेणी घालाले जेवढा जोर लागते तेवढाच. जास्त केला तर तुटते, कमी केला तर सुटते."

ती बाटली पुढे कायम माझ्या स्कूटरच्या डिकीत राहिली.

सुनंदाचं लग्न १९८३च्या मे महिन्यात झालं. पांढुर्ण्याचे कापड दुकानदार, मुलगा एकुलता एक. यादीत स्कूटर होती. ती यादी मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आणि बेरीज चुकत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी मलाच बसवलं. स्कूटर या शब्दापुढे मी साडेआठ हजार लिहिले आणि खाली सही केली. दुसऱ्यांवर संतापण्याआधी ही माझी सही इथे नोंदवतो. बाईने त्यासाठी दोन बहारांची संत्री झाडावरच विकली.

१९८५च्या संक्रांतीला सुनंदा माहेरी आली. रीतीप्रमाणे आठ दिवसांनी सासरहून कोणी न्यायला यायला हवं होतं. कोणी आलं नाही. आलं ते पत्र. तुम्ही दिलेली स्कूटर खराब निघाली, इंजिन बसलं, दुरुस्तीला तीन हजार लागतात. रक्कम घेऊन या आणि मुलीला सोडून जा. रक्कम आधी लिहिली होती, मुलगी नंतर.

मी मोहगावला गेलो तेव्हा बाई कोठ्यात होती. तिथे कापूस मोजायचा काटा आढ्याला टांगलेला असतो. लग्नाआधीच्या कापूस वेचणीत पोरींनी हसत-खिदळत त्यावर स्वतःला मोजून घेतलं होतं, आणि सुनंदाचा आकडा बाईने कोळशाने दारावर लिहिला होता: ४८. तो अजून पुसला नव्हता. बाई म्हणाली, "सुनंदे, चढ." सुनंदा लोंबकळली. बाईने मला काटा वाचायला लावला. मी वाचला: एकोणचाळीस. बाईने ४८च्या खाली ३९ लिहिलं आणि कोळसा खाली ठेवला.

"काय झालं गं तिथं?" मी सुनंदाला विचारलं.

"काही नाही, मामाजी. बरं आहे."

बांगड्या तिच्या कोपरापर्यंत चढत होत्या. आणि मी, आकड्यांचा माणूस, काय म्हणालो? म्हणालो, "बाई, तीन हजारांचे दोन हप्ते करून देतात का ते विचारू." पैसे जमवायला बाईला तीन महिने लागले. संत्र्याच्या आंबिया बहारावर आगाऊ रक्कम उचलली. निघताना तिने माझ्याकडून ती दुधाची बाटली, दोन पाने आणि सौंसरच्या दुकानातून आठ रुपयांचं नवं ऑइल मागून घेतलं. मला वाटलं, जावयाला खूश करायला नेते आहे.

बसमधून सुनंदाची लोखंडी पेटी घेऊन आम्ही तिघं पांढुर्ण्याला पोचलो. व्याह्यांनी, म्हणजे आमच्या बोलीत इवायांनी, पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "मामाजी, रक्कम आणली का?"

बाईने उत्तर दिलं. "आणली जी. पहिले गाडी पाहू द्या."

"गाडी काय पाहता विहीणबाई? मेकॅनिकनं पाहिली. खराब माल दिला तुम्ही."

"खराब असन तर सारी रक्कम ठेवूनच जाईन. जवाईबुवा, पाच मिनिटं चालू करा."

स्कूटर चालू झाली आणि गिरणी सुरू व्हावी तशी घरघरली. गिअर पडता पडेना. पाच मिनिटांनी बाईने लुगड्याचा काचा वर खोवला आणि जावयाच्या अंगणात, इवायासमोर, फरशीवर मांडी घालून बसली. पिशवीत हात घालून दुधाची बाटली काढली. विहीणबाईंचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी सुनंदाच्या पोटाकडे पाहिलं. "अगं बाई! सांगितलं नाही ते?"

"तसं काही नाई," बाई म्हणाली. "हे तुमच्या गाडीसाठी आणलं."

तिने पाना लावला तेव्हा इवाई खुर्चीवरून उठले. "अहो, हे काय तमाशा लावून राहिल्या? लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या. तमाशा नाई जी, ऑइल बदलून राहिली."

खालचं बूच निघालं. खाली ठेवलेल्या ताटलीत थेंब थेंब काजळासारखं काही तरी उतरलं. चहा होण्याएवढा वेळ ती थांबली, चहा कोणी केला नव्हता तरी. मग तिने ते ताटलीतून बाटलीत ओतलं आणि बाटली माझ्यासमोर धरली. "वाच, बाबू." ती मला कचेरीतला म्हणून बाबू म्हणायची.

मी वाचलं: सत्तर. तिने बोट बुडवून अंगठ्यावर घासलं आणि उन्हात धरलं. त्यात लोखंडाची चमकी होती.

"जवाईबुवा, हे केव्हा बदललं होतं?"

"बदलायचं काय त्यात?" जावई खरंच गोंधळला होता. "पंपावर दर खेपेला पेट्रोलमध्ये ऑइल टाकतोच ना."

"थे जळाचं. धूर होऊन उडून जाते. हे गिअरचं. हे खालीच बसून राहते, अन् कोणी पाहत नाई म्हणून आटते."

मी मीटर वाचलं. अकरा हजार सहाशे चाळीस किलोमीटर. तीनदा बदलायला हवं होतं, एकदाही बदललं नव्हतं. तेव्हा सुनंदा पहिल्यांदा बोलली, खाली पाहूनच. "मी दोनदा सांगितलं होतं. म्हणाले, तुझी माय इंजनवर काम करते, आमच्या घरच्या सुना नाही करत."

बाईने नवं ऑइल मापून भरलं. अडीचशे पुरे. बूच आवळलं, वेणीच्या जोराने. जावयाने किक मारली. घरघर निम्म्याहून कमी झाली. क्लच दाबून त्याने गिअर टाकला आणि तो लहान मुलासारखा ओरडला, "बाबूजी, पडला! गिअर पडला!" बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गाडीच बंद केली.

इथे एखादा माणूस शरमला असता. इवाई खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण झीज तर झालीच. आता आणलीच आहे तर अर्धी रक्कम ठेवा. आपसात काय एवढं?"

हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. त्याहून जास्त फिरतं ते या आठवणीने, की त्या वेळी माझ्या तोंडात 'हजार' हा शब्द तयार होता. लेकीला नांदवायची तर हजार काय जास्त, असा मी मनात हिशेब केला होता. बाई बोलली नसती तर मी तो बोललो असतो.

बाई मातीने हात घासत होती. पाणी कोणी दिलं नाही म्हणून नुसत्या मातीने. हात झटकून ती विहीणबाईंसमोर उभी राहिली.

"इहीणबाई, गाडीत अडीचशे दिलं होतं, सत्तर निंगालं. पोरगी अठ्ठेचाळीस किलोची दिली होती, एकोणचाळीसची वापस आली. बाकीचं कुठं गेलं?"

"आमच्या घरी खाण्यापिण्याची कमी नाही!" विहीणबाई कडाडल्या. "तीच नखरे करते."

"सुनंदे, तू सांग."

"सगळ्यांचं झालं की जेवते," सुनंदा म्हणाली. "उरलं तर."

जावई गाडीच्या मीटरकडे पाहत होता. त्याने तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलला नाही. मी त्याला बरा मुलगा समजत होतो. बऱ्या मुलांचा उपयोग काय, असं तेव्हापासून वाटतं.

बाईने मुलीला विचारलं, "तुह्या मनानं सांग. राहतं का येतं?"

ओट्यावर ठेवलेल्या पेटीची एक कडी सुनंदाने उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. "मामाजी, दुसरीकडून धरा."

बाईने सत्तर मिलीलिटर काळं ऑइल घरातल्याच एका वाटीत ओतलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुमचं." पहिल्यांदाच मी तिला जुनं ऑइल सोडून जाताना पाहिलं. बाटली मात्र पुसून पिशवीत घातली.

पुढे लोक काय बोलले? जावयाच्या दारात विहीण मांडी घालून बसली. बाईमाणसाने हात काळे केले. स्कूटर नीट झाली होती तरी पोरीचं घर मोडून आली. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत एका गृहस्थाने मला हे तोंडावर ऐकवलं, नारळ हातात धरून. बाईचे काळे हात सगळ्यांनी पाहिले. नऊ किलो कोणी विचारले नाहीत. मी त्याला विचारलं, "तुमच्या मुलीचं वजन किती आहे हो?" तो रांग सोडून मागे गेला.

सुनंदा आता मोहगावची बाग पाहते. विहिरीवरचं इंजिन तीच खोलते. दारावर ४८ आणि ३९च्या खाली आणखी एक आकडा आहे, ५१. तो बाईने जाण्याच्या आदल्या दिवाळीत लिहिला, स्वतः काटा वाचून.

त्या रविवारचा हिशेब तेवढा राहिला. सकाळी निघताना मी खिशातल्या डायरीत लिहिलं होतं: जाताना तिकिटं तीन, येताना दोन. संध्याकाळी बस सौंसरकडे निघाली. पेटी पायाशी होती. सुनंदा खिडकीशी, बाई मधे, मी कडेला. कंडक्टर आला आणि त्याने विचारलं, "किती?" मी डायरी काढून दोनचा आकडा खोडला. तीन हजार जसेच्या तसे बाईच्या कमरेला होते. इवायाला काही दिलं नाही. साडेचार रुपयांप्रमाणे तीन तिकिटांचे साडेतेरा रुपये, कंडक्टरला दिले.